ताबापत्रावरची तारीख

श्रोतेहो, नमस्कार.

नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीची तारीख घरातल्या प्रत्येकाला आठवते, पण बिल्डरने दिलेल्या ताबापत्रावरची तारीख फारशी कुणाच्या लक्षात नसते. बांधकामात पुढे दोष निघाला तर तो बिल्डरकडून दुरुस्त करून घेण्याची मुदत मात्र याच तारखेपासून मोजली जाते. ती हातची निघून जाऊ नये, या कळकळीने मी आज आपल्याशी बोलत आहे.

२०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर संपदा (नियमन व विकास) कायद्याच्या कलम १४ मध्ये ही तरतूद आहे. इमारतीच्या रचनेतील दोष असो किंवा कारागिरी, दर्जा, पुरवलेल्या सेवा यांतील उणीव असो, ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत ती बिल्डरच्या निदर्शनास आणून दिली, तर त्याने जादा पैसे न घेता तीस दिवसांत दुरुस्ती करून द्यायची असते, आणि तसे न केल्यास ग्राहकाला योग्य नुकसानभरपाई मागता येते. महाराष्ट्रातील १९६३ च्या मोफा, म्हणजे मालकी हक्काच्या फ्लॅटविषयीच्या जुन्या कायद्यात हीच मुदत तीन वर्षांची आहे, म्हणजे रेराने ग्राहकाच्या पदरात आणखी दोन वर्षे टाकली.

पाच वर्षे ऐकायला पुष्कळ वाटतात. परंतु गळतीसारखा दोष वर्षातून चारच महिने दिसतो. पहिल्या पावसाळ्यात पश्चिमेकडील भिंतीवर, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात, तळहाताएवढी ओल येते. साइटवरचा सुपरवायझर येऊन पाहतो, “पाऊस थांबू द्या, मग करून देतो,” असे म्हणतो आणि दिवाळीच्या आधी पुट्टी लावून रंगाचा हात फिरवून जातो. पुढच्या जूनमध्ये त्याच जागी पोपडे धरतात. अशा तोंडी आश्वासनांत दोन-तीन पावसाळे सहज निघून जातात, आणि तक्रार केल्याचा कागद मात्र कुठेच नसतो. कायद्यातील शब्द “निदर्शनास आणणे” असे आहेत. ते सिद्ध करण्याची वेळ आली, तर लिफ्टजवळ झालेले बोलणे उपयोगी पडत नाही.

म्हणून पहिली ओल दिसताच पत्र लिहावे. पत्रात फ्लॅटचा क्रमांक, ताब्याची तारीख, दोष नेमका कोठे आहे आणि प्रथम केव्हा दिसला हे नमूद करावे, सोबत फोटो जोडावेत, ते स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पाठवावे, आणि पोचपावती जपून ठेवावी. गच्ची, पाण्याची टाकी, लिफ्ट, ड्रेनेजच्या वाहिन्या यांसारख्या सामाईक भागांविषयीचे पत्र सोसायटीने कमिटीचा ठराव करून पाठवलेले बरे. आणखी एक काळजी घ्यावी. मालकाने स्वतः फरशी, प्लंबिंग किंवा भिंतींत फेरफार केल्यास जबाबदारी आमची नाही, असे कलम बिल्डरच्या करारनाम्यात बहुधा असते. त्यामुळे इंटिरियरचे काम काढण्यापूर्वी बाथरूम आणि बाहेरच्या भिंतींचे फोटो काढून ठेवावेत.

या तरतुदीबद्दल माझा एक आक्षेप आहे. सुटलेली फरशी आणि खराब कॉलम यांना कायद्याने एकच मुदत लावली आहे. फरशीचा दोष वर्षभरात कळतो. कॉलममधील सळईवर काँक्रीटचे आवरण कमी पडले असेल, तर दमट आणि खारट हवेत ती सळई आतल्या आत गंजत जाते. गंजताना फुगते, आणि मग कॉलमच्या कडेने उभी भेग पडून तपकिरी डाग बाहेर येतो. मुंबईत किंवा कोकण किनाऱ्यावर हे नेहमी पाहायला मिळते, पण ते पाच वर्षांत दिसेलच असे नाही. फ्रान्समध्ये इमारतीच्या मजबुतीला बाधा आणणाऱ्या दोषांची जबाबदारी दहा वर्षे राहते. आपल्याकडेही रचनेच्या दोषांसाठी वेगळी आणि मोठी मुदत असायला हवी, असे माझे ठाम मत आहे. तोपर्यंत सोसायट्यांनी चौथे वर्ष संपण्यापूर्वी एखाद्या अनुभवी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घ्यावी आणि त्याच्या अहवालासह बिल्डरला पत्र द्यावे.

बिल्डरने दाद दिली नाही, तर महारेराकडे, म्हणजे रेरा कायद्याखालील महाराष्ट्राच्या नियामक प्राधिकरणाकडे, ऑनलाइन तक्रार करता येते. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. पण तेथे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. उशिराचे पुरेसे कारण पटवून दिले, तर आयोग तो माफ करू शकतो, परंतु त्या भरवशावर कोणी राहू नये.

जुना फ्लॅट विकत घेणाऱ्यांसाठीही थोडे सांगतो. रेरातील ग्राहकाच्या व्याख्येत पुढील खरेदीदारही येतो, पण विक्रीमुळे पाच वर्षे नव्याने सुरू होतात असे मानून चालू नये. म्हणून व्यवहार ठरवताना विक्रेत्याकडून मूळ ताबापत्राची प्रत आणि बिल्डरशी झालेला सर्व पत्रव्यवहार मागून घ्यावा.

नमस्कार.