जेम्स ब्राऊनची सम

बसा बसा, मागे खुर्च्या आहेत अजून. तबल्याच्या क्लासची पोरं पण आलीयेत, बरं झालं, कारण मला जे सांगायचंय ते ज्याला सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कळते त्याला पटकन कळेल, बाकीच्यांना टाळ्या वाजवून दाखवीन.

तर जेम्स ब्राऊन, अमेरिकेतला काळा गायक. जन्म 1933, साउथ कॅरोलिनात, आई लहानपणीच सोडून गेली, मग जॉर्जियातल्या ऑगस्टाला नात्यातल्या एका बाईच्या घरी वाढला आणि ते घर म्हणजे चक्क कुंटणखाना. बूट पॉलिश करायचा, सैनिकांपुढे नाचून चिल्लर मिळवायचा. 16 व्या वर्षी चोरीत सापडला, आत गेला, आणि 1952 ला सुटला तो बॉबी बर्ड नावाच्या दोस्ताच्या घरच्यांनी जबाबदारी घेतली म्हणून. त्याच बर्डच्या ग्रुपमध्ये गायला लागला आणि बघता बघता ग्रुपच याचा झाला! 1956 चं 'प्लीज, प्लीज, प्लीज' रेकॉर्ड कंपनीच्या मालकाला, सिड नेथनला, अजिबात आवडलं नव्हतं, पण गाणं चाललं. पुढे लाइव्ह रेकॉर्ड काढायचं म्हटल्यावर याच नेथनने पैसे द्यायला नकार दिला, तर याने स्वतःच्या खिशातून घातले आणि ऑक्टोबर 1962 मध्ये न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरमधला शो रेकॉर्ड केला. ती रेकॉर्ड बिलबोर्ड या नियतकालिकाच्या लोकप्रिय रेकॉर्डच्या यादीत 2 नंबरपर्यंत गेली. मालक लोकांचा अंदाज हा असा असतो.

आता मुद्द्याचं. एक-दोन-तीन-चार मोजा. त्या काळच्या रिदम अँड ब्लूजमध्ये, म्हणजे काळ्या अमेरिकनांच्या नाचत्या संगीतात, टाळी पडायची दोन आणि चारवर. हा म्हणाला, जोर एकवर द्या. त्याचे वादक या एकला 'द वन' म्हणायचे, आपण सम म्हणू. मधे काय करायचं ते करा, पण एकवर सगळे एकत्र या. 1965 चं 'पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग' ऐका, मग 1967 चं 'कोल्ड स्वेट', त्यात कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे साथीचे सूर, जवळजवळ बदलतच नाही, म्हणजे बघा, तबल्याच्या सोलोला साथीची धून, लेहरा, कसा तोच तोच फिरत राहतो तसं, फक्त इथे लेहरा एकाचा नाही, गिटार, बेस, सॅक्सोफोन सगळेच आपापला छोटा तुकडा धरून बसलेत आणि सगळे मिळून एक मोठा ड्रम झालाय. फंक म्हणतात ते हे.

पण ही सम सांभाळणाऱ्यांचं काय? सूर चुकला दंड, बूट चमकत नाहीत दंड. नाचता नाचता हाताची बोटं दाखवायचा, पब्लिकला वाटायचं काय स्टेप आहे, आणि तो बिचाऱ्या वादकाला इतके डॉलर कापले म्हणून सांगत असायचा. 1970 ला पैशांवरून वादक अडून बसले तर याने विमान पाठवून सिनसिनाटीहून नवी पोरं आणली, त्यात 18 वर्षांचा बेसवाला बूट्सी कॉलिन्स, ज्याने पुढे हीच सम घेऊन स्वतःचं नाव केलं.

माणूस साधा नव्हताच. एप्रिल 1968 मध्ये मार्टिन ल्यूथर किंगची हत्या झाली, दुसऱ्या दिवशी बॉस्टनला याचा शो होता, शहर पेटू नये म्हणून तो टीव्हीवर लाइव्ह दाखवला, पोरं स्टेजवर चढली तेव्हा पोलिसांना मागे सारून यानेच त्यांना समजावलं. त्याच वर्षी काळं असल्याचा अभिमान मोठ्याने सांगणारं गाणं केलं. आणि याच माणसाला बायकोला मारहाण केल्याबद्दल अटकही झाली, 1988 मध्ये पोलिसांनी पाठलाग करून धरला, 1991 पर्यंत तुरुंगात होता. थोर म्हणून ते झाकायचं कशाला. 2006 च्या ख्रिसमसला गेला.

मला मात्र त्याच्यापेक्षा त्याचा ड्रमर क्लाइड स्टबलफील्ड जास्त आठवतो. 1969 मध्ये ब्राऊनच्या 'फंकी ड्रमर' गाण्यात क्लाइडने काही सेकंद एकट्याने ड्रम वाजवला, आणि पुढे हिप-हॉपवाल्यांनी तो तुकडा उचलून शेकडो गाण्यांत लावला. गाण्यावर नाव ब्राऊनचं, त्यामुळे क्लाइडला त्याची रॉयल्टी नाही. 2017 ला गेला तो.

'फंकी ड्रमर' लावतो आता. पाच मिनिटं धीर धरा, तो तुकडा त्यानंतर आहे. आणि पोरांनो, टाळी एकवर हं. लाव रे.