तितराची शीळ

माळावर अजून ऊन उतरलेले नाही. आजोबा उकिडवे बसून बांबूच्या काड्या एका ओळीत रोवत आहेत आणि काडीकाडीला लोंबणारा बारीक फास ओल्या बोटांनी गोल करीत आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तितर धरणे हा गुन्हा आहे, त्यामुळे या ४० काड्या केवळ दाखवण्यापुरत्या आहेत. शीळ मात्र खरी आहे, आणि बोरीच्या जाळीतून तिला उत्तरही आले आहे.

फासेपारध्याचे पोर ही शीळ चुकतमाकत शिकते. पाखरू उडाले की सूर चुकला, एवढे त्याला कळते. दुसऱ्या दिवशी ते सूर बदलून पाहते. चार खुणांवरून ठोकताळा बांधणे हा शिकण्याचा स्वभावच आहे, तव्याचा चटका बसलेले मूलही तेच करते, आणि म्हणूनच ‘पारधी चोरच, आमचा अनुभवच तसा आहे’ हे गावाचे म्हणणे ऐकणाऱ्याला सहज पटते.

पण हा अनुभव गावाच्या आधी सरकारी कागदावर उमटला होता. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातही एखादी जमातच्या जमात गुन्हेगार म्हणून जाहीर करता येऊ लागली, आणि जाहीर झालेल्या जमातीत जन्मलेल्या माणसाच्या वाट्याला काही न करताही नोंदवही, बोटांचे ठसे आणि हजेरी आली. सोलापुरात अशा जमातींना तारेच्या कुंपणाआड ठेवीत. त्या वस्तीला लोक आजही सेटलमेंटच म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला, माणसे ‘विमुक्त’ झाली, आणि १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा आणला.

पारध्याचा ठोकताळा चुकला तर पाखरूच त्याला सांगते. गावाला सांगणार कोण? पाले गावाबाहेर, जाणेयेणे नाही. चोरी झाली की संशयावरून पालावरचीच माणसे उचलायची, आणि उचलली म्हणजे चोरच असणार, हा आणखी एक अनुभव गावाच्या गाठीला बांधला जातो. सुटून आलेल्याची बातमी होत नाही.

ऊन चढले आहे. आजोबांनी काड्या उपटून मोजल्या, तर ३९ भरल्या. उरलेली काडी ते गवतात शोधत आहेत. तिच्यात एखादे पाखरू अडकले, तर विचारणा त्यांच्याच पालावर होणार आहे.