तोफ नावाचं व्हायोलिन

या व्हायोलिनच्या डोक्यावरचं वेटोळं जरा जवळून पाहा. पटाशीचे घाव अजून स्पष्ट दिसतात. एक बाजू दुसरीशी पुरती जुळत नाही. आता खाली, पोटावर या. आवाज बाहेर पडावा म्हणून कोरलेल्या या दोन खाचा, इंग्रजी एफच्या वळणाच्या. लांबट, टोकाला अणकुचीदार, आणि दोघींची चण वेगळी. एखाद्या शिकाऊ पोराने असं काम पुढे ठेवलं असतं, तर उस्तादाने ते बाजूला सारलं असतं.

पण हा हात शिकाऊ नाही. हे व्हायोलिन बार्तोलोमेओ ज्युसेप्पे ग्वार्नेरीचं आहे. गाव इटलीतलं क्रेमोना, साल १७४३.

ज्युसेप्पेच्या घरात हा धंदा तीन पिढ्यांचा. आजोबा आंद्रेआ हे थोर निकोलो आमातीच्या घरी राहून शिकले. वडिलांनी आजोबांची गादी चालवली. १६९८ साली जन्मलेला नातू त्याच कामाच्या टेबलाशी वाढला. १७२२ मध्ये त्याने कातारीना रोता हिच्याशी लग्न केलं आणि वडिलांचं घर सोडलं. पुढे स्वतःच्या नावाने काम करताना तो व्हायोलिनच्या आत चिकटवायच्या चिठ्ठीवर एक क्रूस आणि येशूच्या नावाची तीन अक्षरं छापू लागला. त्यावरून लोक त्याला ‘देल जेझू’, म्हणजे येशूचा, म्हणू लागले.

काही घरं सोडून आंतोनिओ स्त्रादिवारी राहत होता. नव्वदी ओलांडली तरी हातातली हत्यारं न सोडणारा, राजेरजवाड्यांसाठी वाद्यं घडवणारा स्त्रादिवारी. त्याची साडेसहाशेच्या आसपास वाद्यं आज शिल्लक आहेत. देल जेझूची दोनशेसुद्धा नाहीत. त्याची गिऱ्हाइकं साधी होती, आणि आयुष्यही तोकडं. १७४४ मध्ये, सेहेचाळिसाव्या वर्षी तो गेला. तो तुरुंगात होता आणि मिळेल त्या फळकुटांतून तिथं व्हायोलिनं करायचा, अशी एक कथा फार रंगवून सांगितली जाते. तिला कसलाही पुरावा नाही. कथा रचणाऱ्यांना बहुधा या वाद्यांचा रांगडेपणा कळेना, म्हणून त्यांनी तुरुंग आणला.

माझ्या मते या रांगडेपणाचं उत्तर खुद्द लाकडात आहे. जाणकार सांगतात, त्याच्या आधीच्या व्हायोलिनांची वेटोळी बहुतेक त्याचे वडीलच कोरून देत. म्हातारा वेगळ्या घरात राहत होता, पण मुलासाठी त्याची पटाशी चालू होती. १७४०च्या सुमारास ते वारले, आणि नंतरच्या वाद्यांवरची वेटोळी एकदम बदलली. नितळ, समतोल वळण गेलं. आता सगळं काम एकाच हाताचं, आणि त्या हाताला घोटून गुळगुळीत करण्यात रस नव्हता.

जिथं आवाज ठरतो, तिथं मात्र हाच हात कमालीचा नेमका. स्प्रूसचं पोट, मेपलची पाठ. या दोन पाट्या त्याने त्या काळच्या मानाने जाड ठेवल्या. जाड पाटीतून स्वर सहजासहजी निघत नाही. गजाला जोर लावावा लागतो, वादकाला ते वाद्य अंगावर घ्यावं लागतं. पण एकदा ते बोलायला लागलं, की खालच्या जाड तारेतून काळसर, भरीव, मोठ्या सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा स्वर उठतो.

त्याला हवा होता एक वादक. तो साठेक वर्षांनी आला.

निकोलो पागानिनी. जेनोआचा, जन्म १७८२चा. तरुणपणी लिवोर्नो बंदरात त्याच्याकडे वाजवायला व्हायोलिन नव्हतं. तिथल्या एका हौशी व्यापाऱ्याने आपलं त्याला वापरायला दिलं, आणि मैफल ऐकल्यावर म्हणाला, आता हे माझ्या हाताने मी वाजवणार नाही, तुम्हीच ठेवा. पागानिनी स्वतः ही हकिगत सांगत असे. त्याने या वाद्याला नाव दिलं ‘माझी तोफ’. युरोपभर तेच हातात घेऊन तो फिरला. तेव्हा हनुवटीला आधार देणारी पट्टी तो लावत नसे. तळाशी हनुवटी टेकून टेकून वॉर्निश उडालं, खालचं लाकूड उघडं पडलं. ती जागा आजही तशीच आहे.

पॅरिसमध्ये वुइयोम या नामांकित कारागिराने तोफेची दुरुस्ती केली आणि तिची हुबेहूब नक्कल घडवली. ही नक्कल पुढे पागानिनीचा शिष्य कामिल्लो सिव्होरी याच्याकडे गेली.

पागानिनी १८४० मध्ये नीस शहरात वारला. मृत्युपत्रात त्याने तोफ जेनोआ शहराच्या नावे केली होती, कायमची जतन व्हावी म्हणून. १८५१ मध्ये ती शहराच्या ताब्यात आली. आज ती पलाझ्झो तुर्सी या वाड्यात असते. शहराचा कारभारही तिथूनच चालतो.

या मृत्युपत्राने एक मोठं काम केलं. त्या काळात आवाज सैल व्हावा म्हणून कित्येक जुन्या व्हायोलिनांच्या पाट्या दुरुस्तीवाल्यांनी आतून तासून पातळ केल्या. तोफेवर तो रंधा फिरला नाही. आधी पागानिनीच्या हातात, मग शहराच्या कडीकुलपात. देल जेझूने ठेवलेली जाडी म्हणूनच आज मोजता येते.

पण नुसतं कुलूप पुरत नाही. न वाजवलेलं वाद्य गप्प पडत जातं, म्हणून तोफ ठरावीक काळाने बाहेर काढून वाजवली जाते. १९५४ पासून जेनोआत पागानिनीच्या नावाने व्हायोलिनची स्पर्धा होते. तिच्या विजेत्याला ती वाजवायला मिळते. डिसेंबर २००१ मध्ये ती रेजिना कार्टर या अमेरिकन वादिकेच्या हातात दिली गेली. जॅझ वाजवणारी, आणि कृष्णवर्णीय. जुन्या रसिकांनी नाकं मुरडली, तरी मैफल झाली, आणि पुढे तिने याच व्हायोलिनवर एक अल्बमही केला. तो निर्णय घेणाऱ्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं.

२०२४ मध्ये तोफ पहाऱ्यात फ्रान्सला, ग्रनोबलच्या संशोधन केंद्रात नेली. तिथल्या अतिशक्तिशाली क्ष-किरणांनी, वाद्य न उघडता, लाकडाच्या आतल्या रेषा आणि जोड तपासले. कुठे भेग धरते आहे का, पुढची दुरुस्ती कुठे लागेल, हे पाहायला. तोफ जेनोआला परतली आहे.