खंड, पान, ओळ

(निवेदन)

पडद्यावरच्या या छापील पानाची पहिली ओळ आहे ‘अथ शब्दानुशासनम्’. पाणिनीच्या संस्कृत व्याकरणावरचं पतंजलीचं विवेचन, म्हणजे महाभाष्य, इथून सुरू होतं. पाणिनीवर लिहिणारा आजचा अभ्यासक, मग तो पुण्यातला असो की पॅरिसमधला, या ओळीचा हवाला तीन आकड्यांत देतो : १.१.१. म्हणजे पहिला खंड, पहिलं पान, पहिली ओळ. कुणाच्या आवृत्तीतलं पान, हे जाणकाराला सांगावं लागत नाही. ती आवृत्ती फ्रान्झ कीलहॉर्न यांची.

कीलहॉर्न यांचा जन्म १८४० सालचा, जर्मनीतल्या ऑस्नाब्रुकचा. ग्योटिंगेनला थिओडोर बेन्फाय यांच्याकडे ते संस्कृत शिकले, काही काळ ऑक्सफर्डला होते आणि १८६६ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक म्हणून आले. वय जेमतेम पंचवीस-सव्वीस.

विद्यापीठाची पदवी घेऊन आलेला हा प्राध्यापक पुण्यात पुन्हा विद्यार्थी झाला. अनंतशास्त्री पेंढरकरांपाशी बसून तो व्याकरण शिकला. नागेशभट्टाचा परिभाषेन्दुशेखर, म्हणजे पाणिनीची सूत्रं कशी लावायची याच्या नियमांवरचा ग्रंथ, नुसता कोश उघडून कळणारा नव्हे. तो परंपरेनं शिकलेल्या गुरूच्या तोंडूनच उलगडतो. कीलहॉर्ननी तो संपादून इंग्रजी भाषांतरासह छापला. मला त्यांच्या साऱ्या कामाचं मूळ या बैठकीत दिसतं.

मग त्यांनी महाभाष्य हाती घेतलं. अडचण अशी, की हस्तलिखितांत पाणिनीचं सूत्र, म्हणजे व्याकरणाचा नियम, त्यावरचं कात्यायनाचं वार्त्तिक, म्हणजे थोडक्यात केलेली टिप्पणी, आणि पतंजलीचं विवेचन एकाच प्रवाहात वाहत असतं. वार्त्तिक कुठं संपलं आणि भाष्य कुठं सुरू झालं, हे ठरवायचं कसं? एक जागा जवळून पाहू. आधी येतं ‘सिद्धे शब्दार्थसंबन्धे’. लगेच पुढे पतंजली तो समास सोडवून सांगतो : शब्द सिद्ध, अर्थ सिद्ध आणि त्यांचा संबंधही सिद्ध. आधी घट्ट बांधलेलं वाक्य आणि पाठोपाठ त्याचीच उकल; जिथं ही जोडी सापडते, तिथं पहिलं वाक्य कात्यायनाचं. ही खूण धरून कीलहॉर्न ओळ न् ओळ तपासत गेले. कात्यायन आणि पतंजली यांच्या नात्यावरचं त्यांचं छोटं पुस्तक १८७६ साली मुंबईत निघालं, आणि महाभाष्याचे तीन खंड १८८० ते १८८५ या काळात बॉम्बे संस्कृत सिरीजमध्ये आले. ती ग्रंथमाला त्यांनी आणि गेऑर्ग ब्यूलर यांनीच उभी केली होती.

दरम्यान त्यांनी पुणं सोडलं. ग्योटिंगेनला बेन्फाय यांच्या जागी ते प्राध्यापक झाले, आणि डेक्कन कॉलेजातली त्यांची खुर्ची १८८२ साली रामकृष्ण गोपाळ भांडारकरांकडे आली.

जर्मनीत बसूनही त्यांचं लक्ष इकडेच होतं. शिलालेखांचे ठसे मागवून ते वाचत, त्यांतल्या तिथी आणि वार गणितानं पडताळून पाहत. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याचा कर्नाटकातल्या ऐहोळे येथला शिलालेख त्यांनी संपादला. इ. स. ६३४ च्या त्या लेखात नव्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा उल्लेख आहे. आपल्या प्रदेशाच्या नावाचा इतका जुना पुरावा वाचताना आजही अंगावर काटा येतो.

ग्योटिंगेनला त्यांच्या हाताखाली हाइनरिश ल्यूडर्स शिकले. पुढे बर्लिनला ल्यूडर्सकडे विष्णु सीताराम सुखठणकर शिकले, आणि पुण्याला परतून भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत त्यांनी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेल्या पाठाची, धुरा उचलली.

कीलहॉर्न १९०८ साली ग्योटिंगेनला वारले. त्यांच्या महाभाष्याची तिसरी, सुधारलेली आवृत्ती १९६२ पासून भांडारकर संस्थेनंच काढली. ती तपासून सिद्ध केली काशिनाथ वासुदेव अभ्यंकरांनी. त्यांचे वडील वासुदेवशास्त्री यांनी अख्खं महाभाष्य मराठीत आणलं होतं. शास्त्र्यांच्या घरातला हा मुलगा जर्मन पंडिताच्या पानांवरून पुन्हा एकदा बोट फिरवत होता, पहिल्या ओळीपासून : अथ शब्दानुशासनम्.