सगळेच डोळे ‘आलेले’ नसतात

नमस्कार श्रोतेहो.

सकाळची वेळ. बाळ जागं झालंय, हुंकार देतंय, पाय झाडतंय. पण एक डोळा काही उघडत नाही. पापण्यांच्या केसांवर पिवळट चिपडं वाळून बसलीत, वरची पापणी खालचीला घट्ट चिकटलीय. बाळाला त्याचं काही नाही, ते दुसऱ्या डोळ्याने तुमच्याकडे बघून खुशाल हसतंय. आणि मागून कुणीतरी म्हणतं, “अगं बाई, डोळे आलेत वाटतं!”

लहान मुलांची डॉक्टर म्हणून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता दारातून आत येणाऱ्या आईच्या चेहऱ्यावरच ते मला वाचता येतं. आपल्या भाषेत चिकट डोळा, लाल डोळा, सुजलेला डोळा, पाणी येणारा डोळा या सगळ्यांना मिळून एकच शब्द: डोळे आले. बोलायला सोपा आहे, पण बाळाच्या बाबतीत फार फसवतो. कारण पहिल्या वर्षात ज्या बाळांचे डोळे चिकटतात, त्यांच्यातल्या पुष्कळांचे डोळे आलेलेच नसतात. त्यांचा नळ तुंबलेला असतो.

कुठला नळ, ते सांगते. वरच्या पापणीच्या आत, बाहेरच्या कोपऱ्याकडे अश्रूंची ग्रंथी असते. तिथून आलेलं पाणी डोळा धुतं आणि नाकाजवळच्या कोपऱ्यात जमतं. तिथे त्याला निचरा असतो. आरशासमोर उभं राहून खालची पापणी नाकाच्या बाजूला किंचित खाली ओढलीत, तर कडेवर टाचणीने टोचल्यासारखं एक बारीक छिद्र दिसेल. (गाडी चालवत ऐकत असाल तर कृपा करून नंतर.) या छिद्रातून पाणी एका छोट्या पिशवीत जातं आणि पिशवीतून नळीवाटे थेट नाकात उतरतं. रडलं की नाक वाहतं ते यामुळेच.

बाळाच्या या नळीच्या खालच्या टोकाला, नाकात उघडते तिथे, एक पातळ पडदा असतो. जन्माच्या सुमारास तो फाटायला हवा. काहींचा फाटत नाही. अंदाज वेगवेगळे आहेत, पण १०० बाळांमागे पाच-सहापासून अगदी २० पर्यंत बाळांना हा त्रास होतो. पहिले काही आठवडे कळतही नाही, कारण नवजात बाळाला पाणी येतंच कमी. मग अश्रू वाढतात, निचरा बंद, पाणी साचतं, आणि साचलेल्या पाण्याचं जे व्हायचं तेच होतं. घट्ट होतं, चिकट होतं. झोपेत पापण्या मिटलेल्या असतात म्हणून सकाळी चिपडं जास्त. सर्दी झाली की आणखी जास्त.

मग ओळखायचं कसं? चिपडं बघू नका. डोळ्याचा पांढरा भाग बघा. चिपडं पुसून झाल्यावर, चांगल्या उजेडात. तो स्वच्छ पांढरा असेल, पापणी सुजलेली नसेल, बाळ मजेत दूध पीत असेल, आणि हे दोन-चार आठवड्यांपासून कमी-जास्त होत चाललं असेल, तर तो बहुधा तुंबलेला नळ. पांढरा भाग लाल-गुलाबी दिसतोय, पापणी फुगलीय, पुसलं की तासाभरात पुन्हा पू येतोय, तर तो जंतुसंसर्ग. हा फरक डॉक्टरने एकदा तपासून सांगितलेला बरा, पण घरी बघायची सवय तुम्हालाही हवी.

एक जोडपं मला आठवतं. चार महिन्यांचं बाळ. वडिलांनी पिशवीतून एकेक करून थेंबांच्या तीन बाटल्या काढून टेबलावर मांडल्या. प्रत्येकीची गोष्ट एकच: घातलं की चार दिवस बरं, थांबवलं की पुन्हा तेच. “जंतू फार चिवट दिसतात,” ते म्हणाले. मी बाळाला खिडकीशी नेलं. डोळे लख्ख पांढरे. प्रतिजैविकाने साचलेल्या पाण्यातले जंतू मरतात, पण पडदा तसाच राहतो. तुंबलेल्या मोरीत फिनेल ओतून मोरी वाहती होत नाही. त्या बाळाला चौथी बाटली नको होती, मालिश हवी होती.

ही मालिश जुनी आहे. क्रिगलर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९२३ मध्ये तिचं वर्णन छापलं आणि आजही तीच शिकवतात. नखं कापा, हात साबणाने धुवा. बोटाचं टोक डोळ्याचा आतला कोपरा आणि नाक यांच्या मधल्या जागेवर ठेवा. खाली नाकाचं हाड लागलं पाहिजे, डोळ्याचा गोळा नव्हे. हलका पण ठाम दाब द्या आणि तो तसाच ठेवून बोट नाकाच्या कडेने खाली सरकवा. उद्देश असा की पिशवीतलं पाणी खाली रेटलं जावं आणि त्या धक्क्याने पडदा उघडावा. एका वेळी पाच ते दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. दूध पाजण्याच्या वेळा धरल्या तर विसरायला होत नाही. नुसतं वरवर गोंजारण्याचा उपयोग नाही. बहुतेक आया इथेच घाबरतात आणि बोट फुलासारखं फिरवतात. पहिल्यांदा डॉक्टरांसमोर करून दाखवा. दाबल्यावर कधी कोपऱ्यातून पिवळं वर येतं. आलं तर घाबरू नका, पुसून टाका. नळीवाल्या बाळांपैकी दहातली नऊ तरी वर्षाची होईपर्यंत बरी होतात. उरलेल्यांची नळी नेत्रतज्ज्ञ बारीक सळईने मोकळी करतात, काही मिनिटांचं काम असतं.

आता पुसण्याबद्दल, कारण दिवसातून चारदा तुम्हाला तेच करायचंय. उकळून निववलेलं पाणी. स्वच्छ कापूस किंवा गॉज. बुडवून पिळून घ्या, आणि नाकाकडून कानाकडे असा एकच हात फिरवा. तो कापूस टाका. पुढच्या हाताला नवा, दुसऱ्या डोळ्याला तर नवाच. बरा डोळा आधी. पापणीच्या आत शिरू नका, आतलं डोळा स्वतः धुतो. आणि वाळलेली चिपडं खरवडू नका. हे मी माझ्याच मुलीवर शिकलेय. पहाटे चार वाजता, झोपेत, डॉक्टर असूनही, मी एक कडक झालेलं चिपड नखाने ओढलं. ते आलं, सोबत पापणीचे दोन केस घेऊन आलं, आणि मुलीने अख्खं घर जागं केलं. ओला कापूस मिटल्या डोळ्यावर अर्धा मिनिट नुसता धरला असता तर सगळं आपोआप सुटून आलं असतं.

डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज डोळ्यात काही घालायचं नाही. आईचं दूधही नाही. ते बाळाच्या पोटासाठी उत्तम आहे, डोळ्यासाठी ते औषध धरून बसू नका. घरात मोठ्या मुलाचे उरलेले थेंब असतात, ते तर नकोच. त्यात स्टिरॉइड असलं तर डोळ्याची हानी होऊ शकते, आणि बाटलीवर ते इतक्या बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की मलाच चष्मा लावावा लागतो.

इथवर मी तुम्हाला धीर दिला. आता थोडं उलटं बोलते.

बाळ २८ दिवसांच्या आतलं असेल आणि डोळ्यातून पू येत असेल, तर वर सांगितलेला पांढऱ्या भागाचा हिशेब मांडत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. जन्माच्या वाटेत आईकडून बाळाच्या डोळ्यात जंतू जाऊ शकतात. त्यातला गनोरियाचा जंतू साधारण पहिल्या २ ते ५ दिवसांत दिसतो: पापण्या टम्म सुजतात आणि पू अक्षरशः वाहतो. तो धडधाकट बुबुळालाही भोक पाडू शकतो, आणि तेही एक-दोन दिवसांत. क्लॅमिडिया जरा सावकाश, ५ ते १४ दिवसांच्या सुमारास येतो, आणि पुढे फुप्फुसात उतरून न्यूमोनिया करू शकतो. म्हणून या दोन्हींना नुसते थेंब पुरत नाहीत. गनोरियाला इंजेक्शन लागतं, क्लॅमिडियाला पोटातून औषध. हे लैंगिक संबंधातून पसरणारे आजार आहेत आणि आईला त्यांची काहीच लक्षणं नसू शकतात. म्हणून उपचार आई-वडील दोघांनाही करावे लागतात. इथे मी घरातल्या मंडळींना एवढंच म्हणेन, की कुणी कुणाकडे बोट दाखवायची ही वेळ नाही, डोळा वाचवायची आहे.

याला एक इतिहास आहे. जर्मनीतल्या लाइपझिगच्या प्रसूतिगृहात कार्ल क्रेडे हे प्राध्यापक होते. तिथे जन्मणाऱ्या दहातल्या एका बाळाच्या डोळ्यांत असा पू व्हायचा. १८८० मध्ये त्यांनी जन्मल्याबरोबर बाळाच्या डोळ्यात सिल्व्हर नायट्रेटच्या २ टक्के द्रावणाचा एकेक थेंब घालायला सुरुवात केली, आणि प्रमाण १ टक्क्याच्याही खाली आलं. त्या थेंबाने डोळा एखाद-दोन दिवस लाल व्हायचा, झोंबायचंही. पण केवढे डोळे वाचले! आज काही देशांत त्याच कामासाठी जन्मतःच प्रतिजैविकाचं मलम लावतात.

मोठ्या बाळाला मात्र साधे ‘डोळे येणं’ होतंच. खऱ्या अर्थाने आलेले. विषाणूचे असतील तर आठवडाभरात, कधी थोड्या जास्त दिवसांत आपोआप जातात. जिवाणूचे असतील तर थेंबांनी लवकर आवरतात. सोबत बाळ कान ओढत असेल, ताप असेल, तर कानही तपासून घ्या, एकच जंतू दोन्हीकडे पोचलेला असू शकतो. टॉवेल वेगळा, उशीचा अभ्रा रोज बदललेला, आणि हात धुणं, हे तुम्हाला माहीतच आहे.

त्याच दिवशी धाव घ्यायची ती कधी? पापणी इतकी सुजली की डोळा उघडत नाही. नाक आणि डोळा यांच्यामध्ये लाल, गरम, दुखरी गाठ आली. अशा वेळी मालिशही करायची नाही. जन्मतःच तिथे निळसर फुगा दिसला. किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप आला.

आणि एक गोष्ट, जी चिपडांच्या गडबडीत हमखास निसटते. “किती टपोरे डोळे आहेत हो!” म्हणून ज्या बाळाचं कौतुक होतं, ते बाळ उजेडात आलं की डोळे गच्च मिटून तोंड फिरवत असेल, डोळ्यांतून सारखं पाणी येत असेल, बुबुळ धुरकट दिसत असेल किंवा एक डोळा दुसऱ्याहून मोठा वाटत असेल, तर तो तुंबलेला नळ नसतो. तो जन्मजात काचबिंदू असू शकतो. आतला दाब वाढल्यामुळे डोळा ताणून मोठा झालेला असतो. त्याला लवकर शस्त्रक्रिया लागते, आणि दरम्यान नळीची मालिश करण्यात गेलेला प्रत्येक आठवडा नजरेतून वजा होतो.

जाता जाता थेंब घालण्याविषयी, कारण फोनवर सर्वांत जास्त तेच विचारतात. “डॉक्टर, तो डोळा उघडतच नाही, दोघांनी धरावं लागतं.” धरू नका. बाळाला पाठीवर झोपवा, झोपलेलं असेल तर उत्तम. डोळे मिटलेलेच राहू द्या. नाकाजवळच्या कोपऱ्यात जो छोटा खळगा असतो, त्यात एक थेंब टाका. बाटलीचं टोक पापणीला टेकवू नका. थेंब तिथे तळ्यासारखा उभा राहील. मग काही करायचं नाही, नुसतं तोंडाकडे बघत राहायचं. थोड्या वेळाने बाळ काय चाललंय ते बघायला डोळा उघडतं, आणि थेंब आत.

नमस्कार.