पहिल्या पुराणाइतकी वाट
(इंदूरमध्ये मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

आजचा विषय ‘आगमनकाळातील, म्हणजे नाताळापूर्वीच्या सुमारे चार आठवड्यांतील, आध्यात्मिक तयारी’ असा जाहीर झाला आहे. त्या तयारीविषयी मी बोलणारच आहे. परंतु ती ज्या कारणाने आपल्या शहरात अवघड होत चालली आहे, ते कारण आधी सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

काही वर्षांपूर्वी, आगमनकाळाच्या पहिल्याच रविवारी, येथील एका संस्थेने मला पाहुणा म्हणून बोलावले होते. सभागृहात गव्हाणीचा देखावा मांडला होता, त्यात बाळ येशू निजवलेला होता, मुले नाताळगीते गात होती आणि केक कापण्यासाठी सुरी माझ्याच हाती देण्यात आली. गव्हाण 24 डिसेंबरच्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवण्याची अनेक घरांतली रीत मी आयोजकांना सांगितली, तेव्हा पुढे परीक्षा आणि सुट्ट्या असल्याने नंतर कोणी येत नाही, असे उत्तर मिळाले. त्यांची अडचण खरी होती, हे मी मान्य करतो. तरीही त्या मुलांकडून वाट पाहण्याचे सारे दिवस काढून घेतले गेले, याचे दुःख मला आजही आहे. कारण जन्माचा आनंद त्यांना पुढच्या वर्षीही मिळेल, पण वाट पाहणे त्यांना कोण शिकवणार?

30 नोव्हेंबरच्या सर्वांत जवळच्या रविवारी पाश्चात्त्य चर्चचे उपासनावर्ष सुरू होते आणि ते सुरू होते ते वाट पाहण्यापासून. धर्मगुरूंची वस्त्रे जांभळी होतात, रविवारच्या मिस्सेतले, म्हणजे मुख्य उपासनेतले, गौरवगीत थांबते, आणि तिसऱ्या रविवारी गुलाबी रंग आला की अर्धी वाट सरल्याचे कळते. जर्मनीतील हॅम्बुर्ग येथील धर्मोपदेशक योहान हिनरिख विखेर्न यांच्या आश्रमातील मुले नाताळ केव्हा येणार म्हणून सारखी विचारत, म्हणून त्यांनी 1839 मध्ये एका चाकावर मेणबत्त्या बसवून रोज एक लावायला सुरुवात केली, असे सांगतात. आज चर्चमध्ये दिसणारे चार मेणबत्त्यांचे वलय त्यातूनच रूढ झाले. मुलांची अधीरता त्यांनी दडपली नाही आणि नाताळ अलीकडेही ओढला नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

आपल्या भाषेत तर याहून जुने उदाहरण आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे जेझुइट, म्हणजे येशूसंघाचे, इंग्रज धर्मगुरू 1579 मध्ये गोव्यात आले आणि त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये तिथल्याच राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात ख्रिस्ताचे चरित्र दुसऱ्या पुराणात येते. त्याआधी पहिल्या पुराणाचे 36 अध्याय आहेत: सृष्टीची उत्पत्ती, आदामाचे पतन, कुलपती, राजे, संदेष्टे. ऐकणाऱ्याला हा सारा काळ सोसूनच जन्मापर्यंत पोहोचावे लागते. चातुर्मासात पोथी लावणाऱ्या घरांतून आलेल्या आपणा सर्वांना हा क्रम ओळखीचा आहे. फलश्रुतीचा अध्याय आधी वाचून पोथी संपवावी, असे तिथे कोणाच्या मनातही येत नाही. माझ्या मते मराठी ख्रिस्ती माणसाने डिसेंबरात पहिले पुराण वाचावे, आणि ते मोठ्याने वाचावे.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी माझ्यापुढे आली आहे, त्यामुळे जाहीर विषय थोडक्यात मांडतो.

16 डिसेंबरपर्यंतची उपासना मुख्यतः ख्रिस्ताच्या पुनरागमनाकडे पाहते आणि 17 तारखेपासून ती बेथलेहेमकडे, म्हणजे त्याच्या जन्माकडे, वळते. बाराव्या शतकात फ्रान्समधील मठाधिपती संत बर्नार्ड यांनी या दोन आगमनांच्या मध्ये तिसरे सांगितले: आज, गुप्तपणे, माणसाच्या अंतःकरणात होणारे. आपली तयारी त्या मधल्या आगमनासाठी आहे.

ती कशी करावी, याचे उत्तर लूकच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात आहे. “आम्ही काय करावे?” असे लोकांनी बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला विचारले, तेव्हा ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक द्यावा आणि अन्नाचेही तसेच करावे, असे त्याने सांगितले. जकातदारांना तो म्हणाला, ठरल्यापेक्षा अधिक घेऊ नका. शिपायांना म्हणाला, कोणाला लुबाडू नका, आपल्या पगारात समाधान माना. तिन्ही उत्तरे घरातल्या वस्तूंविषयी आणि पैशांविषयी आहेत. आपले इंदूर व्यापाराचे शहर आहे. नाताळापूर्वी आपण पापनिवेदनाला जाल, तेव्हा प्रार्थना किती चुकल्या याच्या आधी कोणाचे किती देणे राहिले आहे आणि कोणाकडून किती जास्त घेतले आहे, ते लिहून काढा, आणि 24 तारखेच्या आत ते फेडा.