पुराचं पाणी आणि तारीख नसलेला निरोप

श्रोतेहो, नमस्कार.

सांगलीत आकाशवाणी केंद्र सुरू झालं १९६३ साली. तेव्हा इथल्या घराघरांत नवं माध्यम म्हणजे रेडिओच. पुढे टीव्ही आला, मग इंटरनेट आलं, आणि कागदाऐवजी पडद्यावर दिसतं ते नवमाध्यम, असं आपण धरून चाललो. आता तो अर्थ पुरेनासा झालाय. हेच भाषण कुणी ट्रान्झिस्टरवर ऐकतं, कुणी मोबाइलवरच्या ॲपवर. मग हे माध्यम जुनं म्हणायचं की नवं?

माझ्या मते नवेपण शोधायचं तर बातमी निवडतं कोण आणि पुढे ढकलतं कोण, ते पाहावं. संपादकाचं निम्मं काम फोनमधल्या प्रणालीकडे गेलं, निम्मं तुमच्या अंगठ्याकडे आलं.

पुराच्या दिवसांत हे लख्ख दिसतं. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. अशा जुन्या पुराचे व्हिडिओ पुन्हा पावसाळ्यात 'आत्ताचे' म्हणून फिरतात. दरवेळी खोडसाळपणाच असतो असं नाही. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीनं फोटो पाठवला की तो लहान केला जातो आणि कधी, कुठे काढला ही त्यातली नोंद गळून पडते. उरते ती पाठवल्याची वेळ. सकाळी ७ला आलेलं दृश्य मग सकाळी ७चंच वाटतं.

व्हॉट्सॲपच्या निरोपावर पुढे ढकलल्याचे दोन बाण दिसले तर तो निदान पाच हातांतून आलाय असं समजा. फोटो गूगल लेन्समध्ये, म्हणजे चित्रावरून शोध घेणाऱ्या सोयीत, टाकून तो आधी कुठे आलाय का ते पाहा. व्हिडिओ असेल तर पूल, पाटी किंवा दुकानाचा फलक स्पष्ट दिसतो तिथे थांबवून स्क्रीनशॉट घ्या आणि तो शोधा. चित्र कापलेलं किंवा आरशासारखं उलटवलेलं असेल तर शोध हुकतो. त्यामुळे जुनं काही सापडलं नाही म्हणजे ते आजचंच, असं ठरत नाही.

आकडे त्याहून फसवे. 'कोयनेतून ५० हजार टीएमसी सोडले' असं वाचलं की थांबा. अख्ख्या कोयना धरणाची क्षमताच १०५.२५ टीएमसी आहे. लिहिणाऱ्याला क्युसेक म्हणायचं असतं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, हा वेग. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, हा साठा. साधारण ११,५७४ क्युसेकनं दिवसभर पाणी सोडलं, तर एक टीएमसी होतं.

आता तुम्हीच गावाच्या ग्रुपवर पातळी टाकणार असाल, तर नुसतं 'पाणी वाढलं' लिहू नका. पूल कुठला, तारीख, वेळ, किती फूट आणि आकडा कुणाकडून मिळाला, हे सगळं एकाच निरोपात लिहा. दोन निरोप केले की पुढे एकच जातो. आवाजी निरोप असेल तर पहिल्याच वाक्यात तारीख बोला. आणि वीज गेली, टॉवर बंद पडला, तर? सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर आत्ताच कपाटातून काढून, नवे सेल घालून, लावून बघा.